उजव्या हातावरचा पट्टा

पट्टा सरकवायची एक रीत होती आणि ती कॉलेजच्या कुठल्याही माहितीपत्रकात छापलेली नव्हती. दोघींनी एकमेकींची मनगटं घट्ट चिकटवून धरायची, कासार बांगडी भरताना हात दाबून धरतो ना, तशी. मग पट्ट्याची कडी एक घर सैल करायची आणि एका मनगटावरून दुसऱ्यावर तो हळूच घसरवायचा. पट्ट्याच्या आतल्या बाजूची काच क्षणभरही कातडीवरून सुटता कामा नये. सुटली की पट्टा लाल व्हायचा आणि मालकिणीला ऑफिसात जाऊन पुन्हा ठसे द्यावे लागायचे. नाही सुटली, तर पट्ट्याला वाटायचं, आपण अजून त्याच पोरीच्या हातावर आहोत. एवढं हुशार यंत्र, पण स्पर्श तुटला नाही म्हणजे माणूस बदललं नाही, असं बिचारं धरून चालायचं.

म्हाळसापूरच्या दुग्धतंत्र महाविद्यालयात ही विद्या पोरं पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधीच शिकून घेत. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर टर्म नाही, आणि हजेरी लावणार पट्टा. मग दुसरं करणार काय?

त्या बुधवारी ओवी खरातनं आपला पट्टा शाल्मली पाचपुतेच्या उजव्या हातावर सरकवला, तो जिन्यात उभ्या उभ्या, दहा सेकंदांत. दोघी तीन वर्षं एका खोलीत राहत होत्या. एकीचा साबण दुसरीनं वापरला तर कळायचंही नाही, इतकं सगळं एकत्र झालेलं.

"तिसरा तास फक्त," ओवी म्हणाली. "डेअरी इकॉनॉमिक्सला माझी हजेरी चौऱ्याहत्तर आहे गं. आणि केदार सरांनी आत्ताच बोलावलंय. श्रीखंडाच्या नमुन्यांची नोंद आज नाही घेतली तर अख्खा पंधरवडा पाण्यात."

"हे बरंय. श्रीखंड तू चाखायचं आणि अर्थशास्त्र मी ऐकायचं!"

"डबी ठेवीन गं तुझ्यासाठी. रडू नको." ओवीनं तिच्या डोक्यावर टपली मारली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत ती चवपरीक्षणाच्या खोलीकडे गेली.

केदार सर म्हणजे काही खरे सर नव्हेत. पीएच.डी. करणारा तिशीचा माणूस, तिसऱ्या वर्षाची प्रात्यक्षिकं घ्यायचा, म्हणून सर. गोड बोलायचा. नापास करण्याची धमकी त्यानं कधी कुणाला दिली नव्हती, त्यामुळे सगळ्यांना तो आवडायचा.

आता हा पट्टा मुळात हजेरीसाठी आलाच नव्हता. त्याचं नाव 'सोबत'. राज्यातल्या कॉलेजांत मुलींवर हात टाकण्याचे प्रकार थांबेनात, तेव्हा तो आला. भीतीचंही एक शरीरशास्त्र असतं. माणूस धावतो तेव्हा नाडी हळूहळू चढते, श्वास तिच्या तालात चढतो, अंग गरम होतं. भीती वाटते तेव्हा नाडी एकदम उसळते, श्वास अडकतो, कातडीला थंड घाम सुटतो आणि स्नायू ताठरतात. पुष्कळदा माणूस ओरडत नाही, पळतही नाही, जागच्या जागी थिजतो. "मग ओरडली का नाहीस?" असं लोक वर्षानुवर्षं विचारत आले. पट्टा तसं विचारत नसे. काचेतला हिरवा प्रकाश कातडीखालचं रक्त मोजायचा, धातूचे दोन ठिपके घाम मोजायचे, आणि मुकाट थिजणंसुद्धा त्याला किंकाळीइतकं स्वच्छ कळायचं.

खरी करामत त्यापुढची होती. बघे जितके जास्त तितकी मदत कमी, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा जाईल. मानसशास्त्रवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. म्हणून 'सोबत' सगळ्यांना सांगायचाच नाही. आसपासच्या पन्नास जणांतून एकच माणूस निवडायचा, त्याचं मनगट थरथरवायचा आणि त्याच्या कानातल्या बटणाएवढ्या इअरफोनमध्ये नाव घेऊन सांगायचा. तू जा. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षी एकदा शाल्मलीला असं बोलावणं आलं होतं. "शाल्मली, वाचनालयाचा मागचा जिना. तू जा." ती गेली. जिन्यात एक दांडगा पोरगा एका मुलीला भिंतीशी अडवून उभा होता. शाल्मलीनं प्रशिक्षणात शिकवलं तेच केलं. भांडायचं नाही, मध्ये घुसायचं आणि काहीतरी फालतू मागायचं. "अगं, स्टेपलर आहे का तुझ्याकडे?" ती मुलगी रडत रडत हसली आणि शाल्मलीच्या दंडाला धरून खाली आली. मग शाल्मलीनं पट्ट्यावरचं 'सुखरूप' दाबलं. त्या महिन्यात तिचं नाव फलकावर लागलं. पुढं दोन वर्षं नव्या मुलींना प्रशिक्षण द्यायला तिलाच बोलवायचे. शाल्मली काही बघत उभी राहणाऱ्यातली नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढचं ऐकताना तिला उगाच नावं ठेवायचा मोह होणार नाही.

पण दोन वर्षांत एक गोष्ट नकळत झाली. कुठं काही खुट्ट झालं, कुणाचा चढलेला आवाज आला, की पोरं तिकडे बघायच्या आधी मनगटाकडे बघायला लागली. ठिपका हिरवा आहे? मग आपल्यासाठी काही नाही. असलंच तर दुसऱ्या कुणाला सांगितलं असेल. प्रयोगशाळेतल्या सुमनमावशी पूर्वी प्रत्येक खोलीचं दार दुधाचा रिकामा कॅन लावून उघडं ठेवायच्या. "बंद दारामागं शिकण्यासारखं काही नसतं," म्हणायच्या. पट्टे आल्यावर त्यांना लेखी समज मिळाली की कॅनमुळे खोल्यांचं तापमान बिघडतं. वऱ्हांड्यांतले कॅमेरेही काढले, मुलींच्या खासगीपणासाठी. आता पट्टा होताच की.

त्या बुधवारी अर्थशास्त्राच्या मॅडमनी पाच मिनिटं आधी सोडलं. एकशेवीस जणांच्या वर्गात कोण आहे, कोण नाही, ते त्या बघतही नसत, पट्टे बघायचे. तास संपायची खूण बारा वाजून पन्नास मिनिटं झाली की मनगटावर वाजे, 'टुण', आणि तोवर इमारतीत असलं की हजेरी पक्की. शाल्मली खालच्या वऱ्हांड्यात आली. ओवीचा पट्टा तिला परत करावा आणि दोघींनी मिळून मेसला जावं, असा तिचा बेत होता.

चवपरीक्षणाच्या खोलीचं दार बंद होतं. बाहेर लाल दिवा आणि पाटी: 'परीक्षण चालू आहे. शांतता राखा.' शाल्मली थांबली. आत स्टूल घासल्याचा आवाज झाला, काहीतरी स्टीलचं खाली पडलं, आणि एक शब्द अर्धाच आला. "नक्—" एवढाच. मग काही नाही.

तिनं मनगटाकडे बघितलं. डावं मनगट, स्वतःचा पट्टा: हिरवा ठिपका, थरथर नाही. तरी तिला कसंसंच वाटलं. म्हणून तिनं उजवं मनगट वर केलं. ओवीच्या पट्ट्यावर छोट्या अक्षरांत नाव होतं, ओवी खरात, आणि नावापुढं हिरवा ठिपका. नाडी बहात्तर. शांत.

ओवी ठीक आहे, असं तिच्या मनानं म्हटलं. खरंच म्हटलं. दोन वर्षांची सवय होती, डोळ्यांनी वाचलं आणि मनानं मान डोलावली. त्या पट्ट्याखाली हात कुणाचा आहे, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

'टुण. टुण.' तास संपला. शाल्मली मेसकडे गेली. बुधवारी मटकीची उसळ असायची आणि उशीर केला की नुसता रस्सा उरायचा.

दुपारी खोलीत आली तेव्हा ओवी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. ओढणी गळ्याभोवती तीन वेढे घेऊन. तिनं सगळं सांगितलं, एकाच सुरात, जसं काही दुसऱ्या कुणाचं सांगतेय. केदारनंच तिला म्हटलं होतं, "पट्टा दे ना मैत्रिणीकडे, सगळेच देतात, हजेरी कशाला घालवतेस?" आपण किती समजूतदार सर आहोत, असं दाखवून. त्याचा स्वतःचा पट्टा स्टाफरूममध्ये चार्जिंगला. मार्गदर्शकांना तो सक्तीचा नव्हताच.

शाल्मलीनं तिला जवळ घेतलं. दोघी रडल्या. त्या रडण्यात शाल्मलीनं एक गोष्ट सांगितली नाही आणि ओवीनंही काही विचारलं नाही.

शुक्रवारी ओवीनं तक्रार दिली. अंतर्गत तक्रार समितीच्या अध्यक्ष आगटे मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी पाणी दिलं, दार लावून घेतलं आणि पट्ट्याची नोंद समोर ठेवली. बुधवार, तिसरा तास, ओवी खरात, वर्ग क्रमांक सात, नाडी बहात्तर, शांत.

"मी तिथं नव्हतेच मॅडम. पट्टा मैत्रिणीकडे दिला होता."

"कुठल्या मैत्रिणीकडे?"

ओवीनं नाव सांगितलं नाही. खोलीत येऊन तिनं शाल्मलीला फक्त एवढंच म्हटलं, "तू सांगशील ना?"

आता शाल्मलीचं काय अडलं होतं, तेही ऐका. प्रॉक्सीला शिक्षा एकच, टर्म रद्द. टर्म गेली की घरी. आणि घरी काका टपलेलेच होते, की मुलगी कधी एकदा परत येते आणि कधी तिला उजवतो. आईनं तीन वर्षं सगळ्यांशी भांडून तिला इथं ठेवलं होतं. टर्मची यादी येत्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी लागणार होती. एकदा यादी लागून सही झाली की ती बदलत नसे.

"यादी लागू दे," शाल्मली म्हणाली. "सोमवारी मी स्वतः जाते मॅडमकडे. देवाशपथ. आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय? खरं आहे ते खरंच राहणार ना?"

ओवी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं."

त्या आठ-दहा दिवसांत शाल्मली वर्गातल्या पोरींकडेही गेली. अर्ध्याअधिक वर्गानं कधी ना कधी पट्टा सरकवला होता. चार-पाच जणींनी जाऊन एवढंच सांगायचं होतं, की हो, असं होतं. शेजारच्या खोलीतली मुक्ता तर या कामात सगळ्यात पटाईत. एका तासात तिनं तीन पट्टे सांभाळले होते आणि वर्षभर मिरवलं होतं.

"अगं, सांगितलं असतं गं," मुक्ता केस विंचरत म्हणाली. "पण माझीच जीभ का? एवढ्या जणी आहेत. कुणीतरी सांगेलच की."

शाल्मलीला संताप आला, पण कुठल्या तोंडानं बोलणार? ती स्वतः यादीची वाट बघत होती.

यादी लागली. शाल्मलीचं नाव होतं, सही होती. सोमवारी, बुधवारपासून बाराव्या दिवशी, ती समितीपुढं उभी राहिली आणि धडाधड सगळं बोलून मोकळी झाली. म्हणजे जवळजवळ सगळं. दाराशी थांबल्याचं ती बोलली नाही. त्यानं काय सिद्ध होणार होतं, असं तिनं स्वतःला समजावलं.

टेबलापलीकडे आगटे मॅडम, दोन प्राध्यापक आणि पट्टे पुरवणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर होता. इस्त्रीचा शर्ट, सभ्य चेहरा.

"दाखव बरं करून," आगटे मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात खरोखर आशा होती.

ओवीला बोलावलं. दोघींनी मनगटं चिकटवली. ओवीचा हात गार होता आणि बारीक झाला होता. शाल्मलीनं कडी एक घर सैल केली, श्वास रोखला आणि पट्टा सरकवला. अगदी हळू, काच कातडीवरून तसूभर न उचलता, शंभरदा केला होता तसा.

पट्टा लाल झाला. "धारक बदलला," असं म्हणून तो किंचाळायला लागला.

"पुन्हा करते," शाल्मली म्हणाली. पुन्हा लाल. तिसऱ्यांदाही लाल.

इंजिनिअरनं घसा साफ केला. "गेल्या गुरुवारी सुधारणा गेली आहे सगळ्या पट्ट्यांना. आता ठोक्यांचा आकार ओळखतो तो. प्रत्येकाचा वेगळा असतो."

"म्हणजे गुरुवारच्या आधी असं करता येत होतं?" आगटे मॅडमनी विचारलं.

"तसं मला लेखी सांगता येणार नाही मॅडम. आमच्याकडे तशी एकही तक्रार नोंदलेली नाही."

कोण नोंदवणार? शाल्मलीच्या डोक्यात तेव्हा एकदम लख्ख प्रकाश पडला. "ठोके!" ती ओरडलीच. "मॅडम, त्या दिवशी दोन्ही पट्टे माझ्याच हातांवर होते. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. ठोक्याला ठोका जुळेल. दोन माणसांची नाडी अशी तासभर जुळूच शकत नाही!"

इंजिनिअरनं मान वर केली. पहिल्यांदाच तो तिच्याकडे नीट बघत होता. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "जुळली असती. पण ठोक्यांची कच्ची नोंद आम्ही दहा दिवस ठेवतो. मग पुसून सारांश ठेवतो, शांत की अशांत एवढाच. आज बारावा दिवस आहे. शनिवारी आला असतात तरी मिळाली असती."

ओवीनं आपला हात शाल्मलीच्या हातातून काढून घेतला.

निकाल आठवड्यानं आला, एका पानाचा. आरोप सिद्ध होत नाही. केदारनं जबाबात दोघींबद्दल काळजी व्यक्त केली होती. शाल्मली पाचपुते हिनं मैत्रिणीच्या प्रेमापोटी समितीची दिशाभूल करण्याचा प्रयत्न केला, तो तिच्या आजवरच्या कामाकडे बघून माफ करण्यात येत आहे. प्रॉक्सी शाबीत होत नसल्यामुळे टर्म कायम. ज्या गोष्टीला ती एवढी भ्यायली, ती झालीच नाही. तिला कुणी शिक्षा द्यायलासुद्धा तयार नव्हतं.

ओवी जायला निघाली ती रविवारी सकाळी. वडील फाटकाशी टेम्पो घेऊन उभे होते, आत यायला तयार नव्हते. पट्टा तिनं आदल्या दिवशीच ऑफिसात जमा केला होता. मनगटावर त्या जागी फिकट वर्तुळ राहिलं होतं. शाल्मली तिची गादी गुंडाळून देत होती. दोरीची गाठ काही बसेना.

"तिकडं कॉलेज बघ दुसरं," शाल्मली म्हणाली. "मी येईन गं भेटायला. परीक्षा झाली की लगेच."

ओवीनं पेटीचं झाकण लावलं आणि त्यावर बसली.

"शालू, तुला एक सांगायचं राहिलं. समितीतही नाही बोलले मी."

"काय?"

"त्या दिवशी आत... मला वेळेचं भानच नव्हतं. पण दाराबाहेर पावलं वाजली. थांबली. त्यालाही ऐकू आली, त्यानं माझं तोंड दाबलं. मग बाहेर टुण वाजलं." ओवीनं बोटांनी पेटीवर टकटक केलं. "एक नाही, दोन. लागोपाठ, एकाच जागी. एका माणसाच्या दोन हातांवर वाजतील असे."

शाल्मलीच्या हातातली दोरी सुटली.

"मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, सुटले. शालू आली. आता दार ढकलेल आणि स्टेपलर मागेल." ओवी अगदी साध्या आवाजात बोलत होती. "मी धडपडायचीसुद्धा थांबले, एवढी खात्री होती मला. मग पावलं गेली."

"ओवी, मी... तुझा पट्टा हिरवा होता गं. मी बघितलं, खरंच बघितलं, तुझ्या नावापुढं हिरवा..." आणि पुढचं तिच्या तोंडून फुटेना. नाडी उसळली, श्वास अडकला, मनगटाला थंड घाम सुटला, हातपाय ताठरले. पलंगाच्या कडेला ती जागच्या जागी थिजली.

डाव्या हातावरच्या पट्ट्यानं ते तत्काळ ओळखलं. त्याच्या कामात कसूर नव्हती.

अर्ध्या मिनिटात दार धाडकन उघडलं. मुक्ता होती, ओले केस, अंगावर टॉवेल टाकलेला, धापा टाकत. पट्ट्यानं तिचं नाव घेऊन सांगितलं होतं, म्हणून ती आली होती. तिनं एकीकडून दुसरीकडे बघितलं आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "अगं शालू, स्टेपलर आहे का तुझ्याकडे?"

ओवी उठली. पेटी तिनं एका हातानं उचलली, गादी दुसऱ्या काखेत मारली.

"दाब तू सुखरूप," ती मुक्ताला म्हणाली. "तिला कुणीही काहीही केलेलं नाही."

मुक्तानं दाबलं. ठिपका हिरवा झाला. ओवी जिना उतरून फाटकाकडे गेली आणि टेम्पो सुरू झाल्याचा आवाज वरपर्यंत आला.